ऊसकाट्याचे निरोप आणि त्यांच्या अटी : सॉल्व्हरनं तपासायचं कसं

निपाणी, चिकोडी, रायबाग आणि इकडं हुक्केरी-संकेश्वरच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाशिवाय काही दिसत नाही. काही ऊस इकडच्याच कारखान्यांना जातो, काही कोगनोळीचा नाका ओलांडून कागल-कोल्हापूरकडं. गाडी कुठंही गेली तरी आधी काट्यावर उभी राहते. तिथून पुढचा सगळा व्यवहार निरोपांचा असतो. काटा ऑफिसला वजन कळवतो, ऑफिस शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावती पाठवतं, शेतकरी मान्य करतो किंवा तक्रार करतो, मग कधीतरी बिल येतं. वर्षभराच्या घामाचे पैसे या चार-पाच निरोपांतून जातात.

मी बेळगावात राहतो आणि वजनकाट्याला संगणक जोडून द्यायचं काम करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका प्रोग्रॅमवर ट्रॉल्यांची वजनं महिनाभर बिनचूक येत होती. एके दिवशी एक भरलेला ट्रक चढला, ३३,००० किलोचा. पडद्यावर आकडा आला उणे ३२,५३६. मागं गाड्यांची रांग लागलेली, शेतकरी खिडकीतून त्या आकड्याकडं बघत होता, आणि चूक पूर्ण माझी होती. मी निरोपाची व्याख्या करताना ‘वजन ही एक संख्या’ एवढंच लिहिलं होतं. ती किती मोठी असू शकते, कशी साठवली जाते, आधीच्या निरोपाशी तिचं नातं काय, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी निरोपांच्या अटी लिहितो, त्या सॉल्व्हरकडून, म्हणजे अटी एकमेकांत बसतात का ते तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडून, तपासून घेतो, आणि मगच कोडला हात घालतो.

आपल्याकडच्या पोरांची दहावी मराठीतून होते, पुढचं शिक्षण इंग्रजीतून होतं आणि ऑफिसातला कागद कन्नडमधून येतो. हा विषय मराठीतून सलग सांगणारं मला काही मिळालं नाही, म्हणून नीट बसून लिहितो आहे. थोडं पायथॉन येत असेल तर पुरे. गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडं जात नाही.

पहिली पायरी : निरोप कागदावर मांडा

संगणक उघडायच्या आधी एका कोऱ्या कागदावर कोण कुणाला काय पाठवतं ते लिहा. प्रत्येक निरोपात कोणती संख्या जाते तिला एक अक्षर द्या आणि त्या संख्येवरची अट तिच्याच खाली लिहा. आपलं उदाहरण असं आहे. सगळी वजनं किलोत आहेत. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या काट्याचे घाला.

१. काटा → ऑफिस : भरलेलं (भ)
अट : ५००० ≤ भ ≤ ६००००

२. काटा → ऑफिस : रिकामं (र)
अट : ४००० ≤ र आणि र ≤ भ − ३०००

३. ऑफिस → शेतकरी : पावती (न)
अट : न = भ − र

४. शेतकरी → ऑफिस : मान्य, किंवा तक्रार (ब)
इथं ब म्हणजे शेतकऱ्यानं बाहेरच्या काट्यावर करून आणलेलं निव्वळ वजन

५. ऑफिस → शेतकरी : बिल (दिवस, रक्कम)

दुसऱ्या निरोपातलं ‘भ − ३०००’ म्हणजे गाडीत निदान तीन टन ऊस असला पाहिजे. अट फक्त त्या निरोपातल्या संख्येबद्दल नसते, आधी गेलेल्या निरोपांबद्दलही असते, हे इथं दिसतं. खरी गडबड बहुतेक वेळा इथंच होते. एकेक अट वेगळी वाचली तर सगळ्या शहाण्या दिसतात. एकामागोमाग एक लावल्या की त्यांचं पटत नाही.

निरोपांच्या क्रमाला प्रकाराचं (प्रोग्रॅमिंगमधल्या ‘टाइप’चं) रूप द्यायची कल्पना कोहेई होंडा यांनी १९९३ साली मांडली. होंडा, नोबुको योशिदा आणि मार्को कार्बोने यांनी २००८ मध्ये ती दोनपेक्षा जास्त भागीदारांपर्यंत नेली, आणि २०१० च्या सुमारास तिच्यात अशा तार्किक अटी बसवल्या गेल्या. त्यातला सगळा सिद्धांत इथं लागत नाही. दोन प्रश्न मात्र तिथूनच घेतलेत. कोणी अडकून तर पडणार नाही ना? आणि ज्याच्यावर अटीची जबाबदारी आहे त्याला अटीतल्या संख्या माहीत आहेत ना?

दुसरी पायरी : हत्यार बसवा

सॉल्व्हर म्हणजे असा प्रोग्रॅम, ज्याला आपण अटी देतो आणि तो सांगतो की त्या सगळ्या एकाच वेळी पाळता येतील अशा संख्या आहेत की नाहीत. असतील तर ‘सॅट’ म्हणतो आणि त्या संख्या काढून दाखवतो. नसतील तर ‘अनसॅट’. ठरवता आलं नाही तर ‘अननोन’. मी झेड-थ्री वापरतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लिओनार्दो द मोरा आणि निकोलाय ब्योर्नर यांनी तो बनवला. २००८ साली त्यावरचा शोधनिबंध आला आणि २०१५ पासून तो एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुला आहे. सीव्हीसी-फाइव्ह हा दुसरा सॉल्व्हरही चांगला आहे.

पायथॉनच्या पिपमधून बसवताना एक लक्षात ठेवा. पॅकेजचं नाव ‘झेड-थ्री’, मग आडवी रेघ, मग ‘सॉल्व्हर’ असं आहे. नुसतं ‘झेड-थ्री’ टाकलंत तर भलतंच पॅकेज येतं आणि अर्धा दिवस जातो.

पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत देता येतात. मी ‘भरलेलं’, ‘रिकामं’, ‘निव्वळ’ अशीच नावं देतो, कारण काट्यावरचा माणूस शेजारी बसून ती वाचू शकतो. एवढंच की ‘अ‍ॅ’सारख्या अक्षरात डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह लपलेलं असतं आणि पायथॉन त्यावर अडतो. अशी अक्षरं नावात टाळा.

कन्नड पावतीवर ‘ओट्टु तूक’, ‘खाली तूक’ आणि ‘निव्वळ तूक’ असं छापलेलं असतं. ‘खाली’ आणि ‘निव्वळ’ हे दोन्ही शब्द आपल्याला आणि त्यांना सारखेच कळतात. मी नावं ठरवताना शक्यतो असेच शब्द घेतो.

तिसरी पायरी : प्रश्न उलटा विचारायला शिका

नवख्या माणसाला इथं सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून थांबून वाचा. सॉल्व्हर ‘असं नेहमीच होतं का?’ याचं उत्तर सरळ देत नाही. तो ‘असं एकदा तरी होतं का?’ याचं देतो. म्हणून आपल्याला जे नेहमी खरं हवं आहे त्याच्या उलट विचारायचं.

समजा खात्री करायची आहे की निव्वळ वजन कधीच तीन टनांपेक्षा कमी येत नाही. तर अटी द्यायच्या अशा : पहिल्या निरोपाची अट, दुसऱ्याची अट, न = भ − र, आणि शेवटी उलटी बाजू, न < ३०००. सॉल्व्हर ‘अनसॅट’ म्हणाला की असा एकही प्रसंग नाही. म्हणजे आपली गोष्ट सिद्ध झाली, आणि ती शंभर चाचण्यांपुरती नसून शक्य असलेल्या सगळ्या गाड्यांसाठी झाली. ‘सॅट’ म्हणाला तर तो भ आणि र चे नेमके आकडे दाखवेल. ते आकडे म्हणजे तुमच्या प्रोटोकॉलमधलं, म्हणजे निरोप आणि त्यांच्या अटी यांच्या सगळ्या मांडणीतलं, भोक.

पायथॉनमध्ये हे चार ओळींचं काम आहे. दोन-तीन पूर्णांक चलं जाहीर करा, ‘सॉल्व्हर’ तयार करा, ‘अ‍ॅड’नं अटी घाला, ‘चेक’ म्हणा. सॅट आलं तर ‘मॉडेल’ मागा.

चौथी पायरी : कोण कुठं अडकतं ते शोधा

या पायरीनं माझ्या कामात सगळ्यात जास्त चुका पकडल्या आहेत. विचारायचं असं : आतापर्यंतच्या सगळ्या अटी पाळल्या गेल्या, तरी पुढचा निरोप पाठवायला एकही योग्य संख्या उरत नाही, असं कधी होतं का?

आपल्या उदाहरणात पहिल्या दोन निरोपांसाठी हे लिहायचं म्हणजे : असा भ आहे का, की ५००० ≤ भ ≤ ६००००, आणि प्रत्येक र साठी दुसरी अट मोडते? ‘प्रत्येक र साठी’ हे झेड-थ्रीमध्ये ‘फॉर-ऑल’नं लिहिता येतं. उत्तर येतं सॅट, आणि भ च्या जागी ५,००० ते ६,९९९ मधला कुठला तरी आकडा दिसतो. भ ६,००० असेल तर र निदान ४,००० हवा आणि ३,००० पेक्षा जास्त नको. असा र नाही. गाडी काट्यावर चढली, भरलेलं वजन ऑफिसला गेलं, ऊस उतरून गव्हाणीत पडला, आणि रिकाम्या वजनाचा निरोप आता पाठवताच येत नाही. त्यात ऊस परत काढताही येत नाही.

दोन्ही अटी लिहिणारा माणूस एकच होता, मी. एक अट काट्याच्या क्षमतेकडं बघून लिहिली, दुसरी गाड्यांकडं बघून.

दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक म्हणजे पुढची अडचण मागं ढकलायची. र ची अट पाळता येईल तेव्हाच, म्हणजे भ ≥ ७००० असेल तेव्हाच, पहिला निरोप जाऊ द्यायचा. हे कागदावर बरोबर आहे आणि सॉल्व्हर लगेच अनसॅट म्हणतो. पण साडेसहा टनांची गाडी आली तर काटा काहीच बोलणार नाही आणि ड्रायव्हर नुसता उभा राहील. म्हणून मला दुसरी दुरुस्ती जास्त पटते. भ < ७००० असेल तर काट्यानं गाडीला ‘नाकारली’ असा निरोप कारणासह, ऊस उतरण्याआधी पाठवायचा. लहान अंगद (ट्रॅक्टरला जोडायचा छोटा गाडा) किंवा बैलगाडी येत असेल तर तिच्यासाठी वेगळ्या मर्यादांची स्वतंत्र वाट ठेवायची. गप्प बसणारा प्रोटोकॉल मला पसंत नाही.

आता वजावटीचं बघू. समजा मोळी बांधायच्या वाड्याचं (उसाच्या शेंड्याच्या पाल्याचं) म्हणून एक टक्का वजा करायचं ठरलं आहे आणि पावतीत वजावट ‘व’ जाते. घाईत लिहिलेली अट अशी असते :

१०० × व = भ − र
न = भ − र − व

काटा दहा किलोच्या पटीत वजन दाखवतो. सॉल्व्हर सांगतो, भ ७,०१० आणि र ४,००० असेल तर अडकलात. ऊस ३,०१० किलो, त्याचा एक टक्का ३०.१, आणि व तर पूर्णांक. निरोप निघू शकत नाही. कोडमध्ये हे कधी दिसत नाही, कारण भाषा गुपचूप कुठं तरी पूर्णांक करून टाकते. कुणाच्या बाजूनं करते ते कुणी विचारत नाही. अट नीट लिहायची तर अशी :

१०० × व ≤ भ − र < १०० × व + १००

आता प्रत्येक वजनाला बरोबर एक व मिळतो, आणि अपूर्णांक नेहमी शेतकऱ्याच्या बाजूनं पडतो. हेही तिसऱ्या पायरीच्या पद्धतीनं सिद्ध करून घ्या : १०० × न < ९९ × (भ − र) होतं का, असं विचारलं की अनसॅट येतं.

पाचव्या निरोपाचं, बिलाचं, प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं. दुसरीकडं अनेक ठिकाणी बिल पंधरवड्यानं निघतं : १ ते १५ तारखेचा ऊस पंधरवडा बंद झाल्यावर, म्हणजे लवकरात लवकर १६ तारखेला. दोन्ही अटी शेजारी लिहा. द म्हणजे ऊस पोचल्याची तारीख, प म्हणजे पैसे दिल्याची.

१ ≤ द ≤ १५
प ≥ १६
प ≤ द + १४

प मिळत नाही असा द आहे का? आहे, द = १. एक तारखेला घातलेल्या उसाचे पैसे १५ पर्यंत द्यायला हवेत आणि बिल तर १६ च्या आत निघतच नाही. दुसऱ्या पंधरवड्यात ३१ दिवसांचा महिना असेल तर १६ आणि १७ या दोन तारखा अडकतात. ३० दिवसांचा असेल तर फक्त १६. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर एकही अडकत नाही. ऑफिसला हिशोबाला दोन दिवस जास्त लागतात असं धरून ‘प ≥ १८’ लिहिलं, तर पहिल्या पंधरवड्यात १, २ आणि ३ अशा तीन तारखा अडकतात. हे कुणाच्या वाईट हेतूमुळं नाही. पंधरवडा आणि चौदा दिवस यांच्यात एका दिवसाचा फरक आहे आणि तो कुणी शेजारी ठेवून पाहिला नाही. उपाय म्हणजे दहा दिवसांनी बिल काढणं, किंवा बिलाच्या निरोपाला दोन फांद्या देणं : वेळेत असेल तर रक्कम, उशीर असेल तर रक्कम आणि व्याज, दोन्ही वेगळे आकडे.

पाचवी पायरी : कुणाला काय माहीत आहे

तिसऱ्या निरोपाकडं परत जा. पावतीत फक्त न जातो आणि अट आहे न = भ − र. ऑफिसला भ आणि र दोन्ही माहीत आहेत, त्यामुळं ऑफिस अट पाळू शकतं. पण शेतकऱ्याकडं? त्याच्याकडं एकटा न आहे. अट मोडली तरी त्याला कळायचा मार्ग नाही.

नियमाचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. निरोप पाठवणाऱ्याला त्याच्या अटीतली प्रत्येक संख्या माहीत असली पाहिजे. ‘बाहेरच्या काट्याशी फरक पन्नास किलोच्या आत हवा’ ही अट कुणी दुसऱ्या निरोपावर टाकली तर ती चूकच, कारण ब हा आकडा काट्याला कधी कळतच नाही. यासाठी सॉल्व्हर लागत नाही. प्रत्येक भागीदारासमोर त्यानं पाठवलेल्या आणि त्याला मिळालेल्या संख्यांची यादी करा आणि अटीतली नावं त्यात आहेत का बघा.

दुसरा अर्धा भाग मी स्वतःसाठी सक्तीचा केला आहे : निरोप घेणाऱ्यालाही अट पडताळता आली पाहिजे. इथं नुसती यादी पुरत नाही, कारण काही संख्या बाकीच्यांवरून काढता येतात. त्यासाठी सॉल्व्हरला दोन जगं रचायला सांगायची. पहिल्या जगात भ१, र१ आणि न. दुसऱ्यात भ२, र२ आणि तोच न. दोन्ही जगांत पहिल्या दोन निरोपांच्या अटी पाळलेल्या. पहिल्या जगात न = भ१ − र१ खरं, दुसऱ्यात खोटं. शेतकऱ्याला दिसणाऱ्या गोष्टी दोन्हीकडं सारख्या. अशी जोडी सापडते का?

सापडते. पहिल्या जगात भरलेली गाडी १४,०००, रिकामी ६,०००, पावती ८,०००. दुसऱ्यात भरलेली १५,०००, रिकामी ६,०००, आणि पावती तरीही ८,०००. दुसऱ्या जगात एक टन ऊस गेला. शेतकऱ्याच्या मोबाइलवर दोन्ही दिवशी एकच एसएमएस आला. काटामारीची तक्रार आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, आणि या एसएमएसवरून ती खरी की खोटी हे ठरवता येत नाही.

आता पावतीत भ आणि र दोन्ही घाला आणि ‘भ१ = भ२, र१ = र२’ ही भर टाकून परत विचारा. अनसॅट. दोन जगं वेगळी राहूच शकत नाहीत. निरोप आठ-दहा अक्षरांनी लांबला, एवढाच खर्च. वजावट असेल तर व सुद्धा पाठवा.

फक्त भ आणि न पाठवून भागेल का, असं कुणी विचारतं. त्यावरून शेतकऱ्याला र काढता येईल, पण काढता येणं आणि पडताळता येणं या दोन गोष्टी आहेत. काढलेला र न बरोबर आहे असं धरूनच निघतो. अपवाद एकच. आपल्या ट्रॉलीचं रिकामं वजन ड्रायव्हरला बहुतेक वेळा तोंडपाठ असतं. तो प्रोटोकॉलमध्ये भागीदार असेल आणि र त्यानं पाठवला असेल तर चित्र बदलतं.

एक मर्यादा इथं साफ सांगायला हवी. सॉल्व्हर निरोपांबद्दल बोलतो, काट्याखालच्या लोडसेलबद्दल, म्हणजे वजन मोजणाऱ्या यंत्राबद्दल, नाही. काट्यानंच चुकीचा भ कळवला तर सगळ्या अटी पाळूनही वजन खोटं असू शकतं. म्हणून चौथा निरोप आहे, बाहेरच्या काट्याचा.

सहावी पायरी : फांद्या

तक्रार आल्यावर ऑफिस दोनपैकी एक करतं. न आणि ब यांच्यातला फरक ५० किलो किंवा कमी असेल तर वजन कायम, ६० किंवा जास्त असेल तर फेरवजन. फांद्यांसाठी दोन प्रश्न विचारायचे. एकाच वेळी दोन्ही लागू होतात का? आणि एकही लागू होत नाही असं होतं का?

पहिल्याला अनसॅट. दुसऱ्याला सॅट, फरक ५५. मी आधी म्हणालो, हे होऊच शकत नाही, वजनं दहाच्या पटीत आहेत. तशी अट घातली, भ, र आणि ब तिन्ही दहाच्या पटीत, आणि अनसॅट आलं. पण ब बाहेरच्या काट्याचा आकडा आहे. तो काटा पाच किलोच्या पटीत दाखवत असेल तर ५५ चा फरक खरोखर येईल आणि ऑफिसला काय करायचं ते ठरलेलं नसेल. सॉल्व्हरनं माझ्या मनातलं एक गृहीत उघडं पाडलं. आता मी ‘५० पर्यंत’ आणि ‘५० च्या वर’ असंच लिहितो.

सातवी पायरी : बिटांचा हिशोब

माझ्या ३३,००० च्या ट्रकवर येतो. गणितातला पूर्णांक कितीही मोठा होतो, तारेतून जाणारा नाही. सोळा बिटांत शून्यापासून धरलं तर ६५,५३५ पर्यंत मावतं, चिन्हासह धरलं तर ३२,७६७ पर्यंतच. काटा बिनचिन्हाचं पाठवत होता, माझा प्रोग्रॅम चिन्हासह वाचत होता. ३३,००० वजा ६५,५३६ म्हणजे उणे ३२,५३६. तंतोतंत तोच आकडा.

झेड-थ्रीमध्ये पूर्णांकाऐवजी ‘बिट-व्हेक्टर’ हा प्रकार घेतला की हे सगळं दिसतं. भ ला सोळा बिटांचा करा आणि विचारा : बिनचिन्हाचं वाचलं तर ६०,००० च्या आत, आणि चिन्हासह वाचलं तर शून्यापेक्षा कमी, असा भ आहे का? सॅट. निरोपाच्या व्याख्येत रुंदी आणि चिन्ह दोन्ही लिहा, किंवा सरळ ३२ बिट घ्या.

पायथॉनमध्ये बिट-व्हेक्टरवर नेहमीचं ‘लहान आहे’ हे चिन्ह वापरलं तर झेड-थ्री ते चिन्हासह धरतो. बिनचिन्हाच्या तुलनेसाठी यू-एल-टी, यू-एल-ई ही वेगळी नावं आहेत. हे विसरलं तर तपासणीच चुकीची होते आणि ती हिरवा कंदील दाखवते. वजाबाकीही जपून करा. भ ३,००० पेक्षा कमी असेल तर बिनचिन्हाच्या सोळा बिटांत ‘भ − ३०००’ उलटून मोठी संख्या होते. अट ‘र + ३००० ≤ भ’ अशी बेरजेत लिहा. र ६०,००० च्या आत असेल तर बेरीज ६३,००० च्या पुढं जात नाही आणि उलटायचा प्रश्न येत नाही.

‘अननोन’ आलं तर

बेरीज, वजाबाकी, ठरलेल्या आकड्यानं गुणाकार आणि तुलना एवढंच असेल तर चिंता नाही. पूर्णांकांच्या बेरजेचं तर्कशास्त्र पूर्णपणे ठरवता येतं, हे मोय्‌झेश प्रेसबुर्गर यांनी १९२९ मध्येच दाखवलं. दोन अज्ञात संख्यांचा एकमेकांशी गुणाकार आला की मात्र वाट बंद होते. तिथं प्रत्येक प्रश्न सोडवणारी पद्धत असूच शकत नाही, हे युरी मातियासेविच यांच्या १९७० च्या कामातून सिद्ध झालं.

रकमेच्या निरोपात हे लगेच भेटतं. २०२५-२६ च्या हंगामाचा एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये ठरला. क्विंटलला ३५५ रुपये म्हणजे किलोला ३५५ पैसे, त्यामुळं रक्कम पैशात लिहिली की अट होते : रक्कम = ३५५ × न. साधी, सरळ. पैसे नेहमी पैशातच लिहा, रुपयात दशांश ठेवू नका. पण उतारा वाढला की दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३.४६ रुपये जास्त. आता उतारा आणि वजन दोन्ही अज्ञात, आणि त्यांचा गुणाकार. यावर उपाय म्हणजे उताऱ्याच्या पायऱ्या मोजक्या आहेत. प्रत्येक पायरीसाठी दर पक्का धरून तपासणी वेगळी चालवा. वीस-तीस वेळा चालवली तरी चहा गार होत नाही.

फेऱ्या, आणि कुणाचं कुणाशी बिनसलं

एकाच तोडपत्रावर (ऊस तोडायच्या परवान्यावर) ट्रॅक्टर अनेक फेऱ्या करतो आणि एकूण वजन ‘ए’ वाढत जातं. किती फेऱ्या होतील माहीत नसतं, म्हणून फेरीगणिक न तपासता एक कायम राहणारी अट शोधायची. इथं ती ० ≤ ए ≤ मर्यादा. तीन तपासण्या करा : सुरुवातीला ती खरी आहे, एका फेरीआधी खरी असेल तर नंतरही खरी राहते, आणि ती खरी असताना कुणी अडकत नाही. तिसरीत सापडतं ते असं. मर्यादेला तीन टनांपेक्षा कमी उरलं असेल तर पुढची गाडी घेताच येत नाही, कारण गाडीत निदान तीन टन हवेत. तिथं ‘तोडपत्र बंद’ ही फांदी लागते.

अटी वाढल्या की अनसॅट आल्यावर भांडण कुणात आहे ते कळेनासं होतं. प्रत्येक अट ‘असर्ट-अँड-ट्रॅक’नं नाव देऊन घाला आणि मग ‘अनसॅट-कोअर’, म्हणजे एकमेकींशी न पटणाऱ्या अटींची यादी, मागा. ‘चौदा-दिवस’, ‘पंधरवडा-बंद’ अशी नावं दिलीत तर उत्तर थेट शेती ऑफिसच्या टेबलावर नेऊन दाखवता येतं. एक खबरदारी घ्या. नुसत्या अटी घालून, कोणताही उलटा प्रश्न न जोडता, एकदा ‘चेक’ करा. तेव्हा सॅटच आलं पाहिजे. मुळातच अटी एकमेकांत बसत नसतील तर पुढचा प्रत्येक प्रश्न अनसॅट म्हणेल आणि सगळं सिद्ध झाल्यासारखं दिसेल. मी या जाळ्यात दोनदा सापडलो आहे.

तपासून झालेल्या अटी तशाच कोडमध्ये उतरवा, निरोप पाठवताना आणि घेताना दोन्हीकडं. सॉल्व्हरनं प्रोटोकॉल तपासला आहे, पलीकडचा प्रोग्रॅम तो पाळतोच असं नाही. तपासणीची फाइल प्रोटोकॉलच्या फाइलशेजारी ठेवा आणि दर, मर्यादा किंवा नियम बदलला की पुन्हा चालवा. एफआरपी दरवर्षी नव्यानं जाहीर होतो, त्यामुळं मोळी टाकून हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, मी वर्षातून एकदा सगळं परत चालवतोच.

सगळं एकदम जमणार नसेल तर पाचव्या पायरीपासून सुरुवात करा. पावतीच्या एसएमएसमध्ये भरलेलं, रिकामं, वजावट आणि निव्वळ हे चार आकडे घाला. त्याला एक दुपार पुरते.